एक तास दहा मिनिटं

"विमान कुठं झाडाला आडकलंय काय बघा की वहिनी," विश्वासकाका दारातूनच म्हणाले. "पाव्हणी विचारायला लागल्यात, विमानाचा मामा कुठाय म्हणून."

"येतोय न्हवं," आई म्हणाली. "उतरला आसंल. उजळाईवाडीच्या विमानतळावरनं कागलला यायला कितीसा वेळ."

"त्येच म्हणतोय मी. वेळ लागत न्हाई आणि माणूस बी दिसत न्हाई."

कागलच्या त्या कार्यालयात मी नवरीच्या खोलीत बसले होते आणि काकू माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधत होती. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून मी आरशातूनच सगळ्यांकडे बघत होते. आरशात आईचा चेहरा दिसत होता आणि तो मला पटत नव्हता. महिनाभर तिचा एकच धोशा होता, मुंडावळ्या मीच बांधणार, विधवा म्हणून मला कोण अडवतंय ते बघते. आणि आज वेळ आली तर पदर हाताभोवती गुंडाळून कोपऱ्यात उभी. "हाताला भाजलंय गं," एवढंच कारण. शुक्रवारपासून देवापुढचा दिवासुद्धा शेजारच्या बागवडेकाकू येऊन लावत होत्या, तोही हात भाजल्यामुळेच. पण त्याच हाताने तिने आदल्या दिवशी चहाचं भलंमोठं पातेलं उतरवलेलं मी पाहिलं होतं.

संशय घेणं आमच्या घराण्यातच आहे. काका तर भाजीवाल्याचा काटा उचलून खालून बघायचे. माझे वडील मी पहिलीत असताना गेले, तेव्हापासून घरातला मोठा माणूस म्हणजे काका. माणूस वाईट नव्हता, पण आपलं ऐकलं नाही हे ते विसरत नसत. त्यांनी कोडोलीच्या आपल्या मित्राचा मुलगा माझ्यासाठी पक्का केला होता. मी नाही म्हटलं आणि रणधीरचं नाव घेतलं. आईने पहिल्यांदाच दिराला उलट उत्तर दिलं आणि लग्न ठरलं. काकांनी होकार दिला, पण कुठे काही खुसपट निघतंय का, यावर त्यांचा डोळा होता. कन्यादान त्यांच्याच हातून व्हायचं होतं. पंधरा दिवसांत रणधीर मस्कतला नोकरीवर जाणार होता, तो दोन वर्षांनी येणार. ही तारीख हुकली तर माझं काय होणार, हे मला पुरतं माहीत होतं.

आणि त्या सगळ्यात मामाचं विमान.

भालूमामा म्हणजे आईचा गडहिंग्लजचा एकुलता एक भाऊ. त्याला मी शेवटचं पाहिलं ते वडिलांच्या दिवसकार्याला. त्या दिवशी काका त्याला काहीतरी लागट बोलले आणि तो जेवणाच्या पानावरून उठून गेला. पुढे नांदेडला पाण्याच्या मोटारींना तारा गुंडाळून रिवायंडिंग करायच्या दुकानात लागला, मग स्वतःचं छोटं दुकान टाकलं. लग्न केलं नाही. आमच्या उंबऱ्याला परत पाय लावला नाही. पण दर रविवारी फोन ठरलेला. "काय ढब्बू, जेवलीस काय?" त्याची सुरुवात अशीच व्हायची. चेहरा मला आठवत नव्हता, फोनवर त्याने स्वतःचा फोटोही लावलेला नव्हता. तिथे एका विमानाचं चित्र होतं.

लग्न ठरल्यावर त्याने मला विचारलं, "नांदेड ते कोल्हापूर किती लांब हाय, सांग बघू?"

"रात्रभर गाडी," मी म्हटलं.

"एक तास दहा मिनिटं. मी फोनला विचारलंय. ह्या विमानतळावरनं त्या विमानतळावर, सरळ रेघेत. तुझ्या लग्नाला मी विमानानं येणार. तुझ्या काकाच्या नाकावर टिच्चून येणार."

आईने माहेरचं म्हणून आयुष्यात काही मिरवलं नव्हतं, मिरवण्यासारखं काही नव्हतंच. ते विमान मात्र तिने गल्लीभर फिरवलं. माझा भाऊ विमानानं येणार, एक तास दहा मिनिटांत. रणधीरच्या घरीसुद्धा सांगून आली. काका ऐकून घ्यायचे आणि मिशीत हसायचे. "भालू आणि विमान. आला म्हंजे बघू."

गुरुवारनंतर मामा फोन उचलेना. आई म्हणाली, त्याचा फोन बिघडलाय. मग तुला कसं कळलं, असं विचारलं तर ती ताडकन म्हणाली, "लग्न तुझं हाय, वकिली करू नकोस."

बाहेर एकदम गलका झाला. "आला, आला, मामा आला." आईने डोळे मिटले आणि उघडले. आनंद झालेल्या बाईचा चेहरा असा नसतो.

मी तशीच उठून दारात गेले. रिक्षातून एक उंच, आडव्या बांध्याचा माणूस उतरला होता. डोक्याला तयार केशरी फेटा, अंगात कोरी करकरीत सफारी. पण सफारीच्या बाह्या मनगटाच्या वर बोटभर संपत होत्या आणि पोटावरचं बटण जीव मुठीत धरून होतं. लग्नासाठी मुद्दाम शिवलेला कपडा इतका कसा चुकतो? त्याने माझ्याकडे पाहिलं, पाहतच राहिला, आणि मग मान खाली घातली.

"मामा," मी म्हटलं.

"घसा बसलाय," तो हळूच म्हणाला. बस्स, तेवढंच. ढब्बू नाही की काही नाही.

काका पुढे झाले. त्यांनी त्याला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं. "भालू, वळखलं न्हाई बघ. काडीवानी हुतास. नांदेडचं पाणी मानवलं म्हणायचं."

तो नुसता हसला.

तिथेच रणधीरच्या बहिणीचे यजमान उभे होते, प्रफुल्लदाजी. औषधाच्या कंपनीत होते आणि महिन्यातून दोनदा विमानात बसायचे. सरळ मनाचा माणूस. त्यांनी आपुलकीने विचारलं, "मामा, हैदराबादला फार वेळ थांबावं लागलं का हो?"

"न्हाई. थेट आलो. एक तास दहा मिनिटं."

"थेट?" दाजी गोंधळले. "नांदेडहून कोल्हापूरला थेट विमान नाहीये. आधी हैदराबादला जायचं, तिथे बदलायचं. अर्धा दिवस जातो त्यात. मी स्वतः केलाय तो प्रवास."

"फोनवर तसंच दाखवू लालतंय की. एक तास दहा मिनिटं."

"ते दोन विमानतळांमधलं अंतर मोजून काढलेला वेळ दाखवतात, मामा. विमान असो नाही तर नसो."

दाजींना आपण काय केलं ते काकांच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळलं असावं, कारण ते लगेच पाणी प्यायला निघून गेले. काका मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला, आणि तो खाली आला की घरात सगळे गप्प बसायचे.

"भालू, कुठनं आलास?"

त्याने दोन्ही हातांनी फेटा नीट केला.

"वहिनी, ह्यो कुठनं आला? थेट विमान नसताना ह्यो थेट कसा आला? आणि 'दाखवू लालतंय' म्हणाला. गडहिंग्लजचा माणूस कवापासनं आसं बोलाय लागला?"

"वीस वर्सं तिकडं ऱ्हायलाय," आई म्हणाली. "माणसाची भाषा बदलती."

"माणसाची भाषा बदलती, बाह्या बी आखूड हुत्यात." काकांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. "एक सांगून ठेवतो. ह्यात कायतरी काळंबेरं हाय. त्ये काय हाय ते कळल्याबिगर मी कन्यादानाला बसणार न्हाई. खोटं बोलणारा माणूस पाठीशी उभा करून माझ्या भावाच्या पोरीचं लगीन हुणार न्हाई."

भटजी आतून घाई करत होते. काकांचा राग यावा तर तेही जमेना, कारण त्यांना जे दिसत होतं तेच मलाही दिसत होतं.

"काका," मी म्हटलं, "बोहल्यावर जायच्या आधी मला मामाच्या पाया पडायचंय. खोलीत. पाच मिनिटं द्या."

काका बाजूला झाले. आम्ही तिघं आत गेलो आणि मी दाराला कडी घातली. काकूने उशीखाली ठेवलेला माझा फोन मी काढला आणि मामाचा नंबर लावला.

त्या माणसाच्या सफारीच्या खिशात फोन वाजला.

त्याने तो बाहेर काढला. मला वरचं नाव दिसलं. ढब्बू. त्याने आईकडे पाहिलं, जणू आता काय करू असं विचारत होता.

"हा फोन तुमच्याकडे कसा?" मी म्हटलं. "कोण आहात तुम्ही? माझा मामा कुठे आहे?"

"वृषे, गप बस," आई म्हणाली.

"का गप बसू? मामाला यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतंस. त्याने शब्द फिरवला म्हणून तू कुणालातरी नटवून आणलंस? लोकांना दाखवायला? त्या विमानापायी?" मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता. "वीस वर्षं फोनवर गोडगोड बोलायला येतं त्याला, एक दिवस पाठीशी उभं राहायला येत नाही?"

"ताई, त्याला काही बोलू नका," तो माणूस म्हणाला. घसा त्याचा बसलेला नव्हता, आवाजच तसा होता, खोल आणि खरखरीत. त्याने दोन्ही हातांनी फेटा उचलला आणि पलंगावर ठेवला.

डोकं तुळतुळीत होतं. वस्तऱ्याने कापल्याची एक ताजी रेघ कानामागे अजून लाल होती.

मी त्या डोक्याकडे बघत राहिले.

"म्या गंगाधर टेकाळे. भालूच्या दुकानात संगं काम करतो. अग्नी म्याच दिला. त्याचं दुसरं कोण होतं तिथं."

"गुरवारी," आई म्हणाली. "दुकानात बसल्या जागी. ह्यांनीच मला फोन केला. मी म्हटलं, भाऊ, रडायला मला पुढं लई दिवस हाईत. तुमी हिकडं या. त्याच्या जागी उभं ऱ्हावा."

"आई, अगं..."

"कळलं आसतं तर सुतक लागलं आसतं. लगीन पुढं ढकललं आसतं. पुढं म्हंजे कवा? रणधीर चालला मस्कतला. दोन वर्सांत तुझ्या काकानं तुला कोडोलीला घातली आसती, आणि मी बघत बसली आसती." तिचा आवाज एकदाही हलला नाही. "सुतक मी पाळतीया. देवाला हात लावला न्हाई. तुला बी लावला न्हाई. तुझं लगीन हाय म्हणून तीन दिस तुझ्या केसाला बी हात लावला न्हाई मी."

तेव्हा मला तिच्या पदरात गुंडाळलेले हात दिसले. तिला धरून ओरडून रडावं असं वाटलं. ती एक पाऊल मागे सरकली. तशीच मागे सरकत ती गेले तीन दिवस घरात वावरली होती आणि मी त्याचे नाही नाही ते अर्थ काढत बसले होते.

"माझ्या मनाला लई लागलं होतं, ताई," गंगाधर म्हणाला. "सुतकाचा माणूस म्या, शुभ कामात कसं उभं राहू. पण अक्का म्हणल्या, कपडे तर त्याचेच हायत. त्यानं हौसेनं शिवलेले."

काकांनी दारावर थाप मारली. "झाल्या का पाया पडून? का पाय मोजाय लागलाय?"

डोळे पुसले तर काजळ पसरणार, म्हणून मी पंख्याखाली तोंड वर करून उभी राहिले. मामाला रडायला मलाही पुढे खूप दिवस होते. आत्ता बाहेर एक माणूस उभा होता. त्याला काहीतरी लपवलेलं सापडल्याशिवाय तो हलणार नव्हता. लहानपणापासून मी त्यांना ओळखत होते. काटा उचलून बघितला आणि खाली चिकटवलेला एखादा खडा सापडला, की ते खूश व्हायचे आणि मग भाजी निमूट घेऊन यायचे. खडा सापडला नाही तरच दिवसभर धुमसायचे.

मी फेटा उचलून गंगाधरच्या डोक्यावर नीट बसवला आणि दार उघडलं.

"काका, तुमचा संशय बरोबर आहे," मी म्हटलं. आईने मागून श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. "मामा विमानाने आलेले नाहीत. रात्रीच्या एसटीने आलेत. सकाळी स्टँडवर तोंड धुतलं, कपडे बदलले आणि रिक्षा केली. विमानाचं सगळं खोटं होतं."

काकांचा चेहरा हळूहळू उजळला.

"आणि सफारी?"

"दुसऱ्याची. स्वतःची शिवायला जमलं नाही."

"वाटलंच मला," काका म्हणाले. "वाटलंच. भालू त्यो भालूच." ते मांडवाकडे वळले आणि त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "ऐकलं का, विमान यष्टी स्टँडावर उतारलं." माणसं हसली. खुर्च्यांच्या मागल्या रांगेतून कुणीतरी कंडक्टरसारखी शिट्टी मारली. गंगाधर मान खाली घालून उभा होता. आणि आई, जिने महिनाभर गल्लीत मान वर करून ते विमान फिरवलं होतं, ती भिंतीला टेकून सगळ्यांचं हसू ऐकून घेत होती. मेलेल्या भावाची चेष्टा ऐकत होती. मला तेव्हा काकांचाच नाही, सगळ्या मांडवाचाच राग आला.

पण काका खुशीत होते. "चला, चला," म्हणाले, "आता मुहूर्त घालवू नका. आरं भालू, बघत काय ऱ्हायलास, पोरीला घेऊन ये."

आमच्याकडे मामाने नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत पाठीशी उभं राहायचं. गंगाधरने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. चिता पेटवलेला हात होता तो, त्याला धीर होईना. कुणाच्या लक्षात यायच्या आत मीच तो हात धरला. खरखरीत हात, तारा गुंडाळून गुंडाळून घट्टे पडलेला. मामाचा हातही असाच असणार.

अंतरपाट धरला गेला. पलीकडे रणधीर, अलीकडे मी, माझ्या मागे गंगाधर. दर वेळी सगळे 'सावधान' म्हणाले की मागून त्याचा हुंदका ऐकू यायचा आणि शेजारच्या बायका कौतुकाने म्हणायच्या, मामाचा जीव आहे बघा भाचीवर. आई लांब, दाराजवळ होती. तिने अक्षता टाकल्या नाहीत. हातही जोडले नाहीत. नुसती बघत होती.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा गंगाधर मागच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभा दिसला. मी शालू सावरत गेले. तो काही खायला तयार नव्हता.

"एक विचारायचं होतं," मी म्हटलं. "तुम्ही दाजींसमोर तेच सांगितलंत. एक तास दहा मिनिटं. आईने शिकवलं होतं?"

"न्हाई. अक्कानं नुसतं विमानानं आलो म्हणा, असं सांगितलं. मिनिटाचं भालूचं हाय." त्याने पिशवी खाली ठेवली. "तो रोज सांगायचा. मोठी मोटार गुंडाळायला घेतली की म्हणायचा, गंगाधर, ही गुंडाळून होईपर्यंत म्या कोल्हापूरला. एक दिवस चांगले कपडे घालून विमानतळावर गेला तिकीट काढायला. परत आला आणि तेच कपडे घालून कामाला बसला. संध्याकाळी म्हणाला, असं विमानच नाही रे. फोनला नुसता वेळ ठाऊक हाय."

"मग?"

"म्या म्हणलं, अक्काला सांग. तर म्हणाला, खुळा हायस का. तिनं समद्या गावाला सांगितलंय, तिची मान खाली जाईल. म्या रात्रीच्या गाडीनं जातो. स्टँडवर तोंड धुतो, सफारी घालतो आणि रिक्षानं उतरतो. कोण बघतंय मग." गंगाधरने डोळे पुसले. "ताई, तुम्ही आज काकांना जे सांगितलं, ते म्या ऐकून गारच पडलो. मला वाटलं, तुम्हाला ते भालूनंच सांगितलं."

मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी तिथेच फाटकाला धरून उभी राहिले आणि तेव्हा रडले. पोरगी सासरी चालली म्हणून रडतेय, असं सगळ्यांना वाटलं. काकांनी येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पाच-सहा दिवसांनी आईने काकांना सांगितलं, भालू गेल्याचा निरोप आलाय. काका ओट्यावर टेकले. मग त्यांनी विचारलं, "फेटेवाला कोण हुता वहिनी?"

"भालूच हुता," आई म्हणाली.

काका उठले, चप्पल घातली आणि बाजारात गेले. त्यानंतर त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी खोलात न शिरता सोडली असेल.

मामाचा फोन गंगाधरने आईकडेच ठेवला होता. तो अजून तिच्याकडे आहे, चार्जरची पिन सैल झालीय, रबर लावून ठेवावी लागते. मी सुट्टीत आले की ती तो आणून माझ्या हातात देते. तिला स्वतःला विचारता येतं, पण ती मलाच सांगते.

"विचार बघू त्याला. नांदेड ते कोल्हापूर."

मी विचारते. फोन अंतर सांगतो, खाली वेळ दाखवतो.

"किती म्हणतोय?"

"एक तास दहा मिनिटं."

"मग बरोबर हाय," आई म्हणते आणि फोन परत पदरात बांधते.